धाकटी पाती: बारा गाणी, लॉसलेस

रविवार, १२ जानेवारी २०२५

कारखान्याची डायरी दर वर्षी माझी बायको माधवी किराण्याच्या याद्यांसाठी पळवते. यंदा मीच आधी उचलली. आज घडलेली गोष्ट कुठंतरी लेखी असलीच पाहिजे.

सकाळी देवासहून नीलचा, म्हणजे नीलकंठ मुजुमदारचा फोन आला. "विक्या, बसला आहेस ना? बस आधी. आपले गाणे येऊन राहिले आहेत ॲपवर. बंगळूरची एक छोटी कंपनी आहे, जुन्या बँडचा माल काढते. त्यांना आपली बारा पाहिजेत. ग्रेटेस्ट हिट्स, भिया!"

आमची एकूण गाणी सतरा. त्यांतली बारा हिट असतील, तर उरलेल्या पाचांनी कुणाचं काय बिघडवलं होतं कोण जाणे. पण मला हसू आलं नाही.

इरा कधी हे वाचेल म्हणून लिहून ठेवतो, जरी इथं धारला हिंदीत वाढलेल्या तेरा वर्षांच्या माझ्या लेकीचं मराठी वाचन बैलगाडीच्या चालीनं चालतं. २००३ साली देवासला आम्ही चौघांनी बँड काढला. नील गिटारवर, मनन बेसवर, फत्तेसिंग ओरडायला आणि मी, विक्रमसिंह जगदाळे, ड्रमवर. गाणी न्यू मेटल होती. म्हणजे गिटारच्या तारा ढिल्या करून खर्जात वाजवायच्या, मधेच रॅपसारखं बोलायचं आणि मग छाती फाटेपर्यंत ओरडायचं. देवासात पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या चौघांचेही पूर्वज धाकट्या पातीच्या दरबारात, कुणी शिलेदार तर कुणी दफ्तरात. म्हणून बँडचं नाव 'धाकटी पाती'. कॉलेजची पोरं डीपी म्हणायची, म्हणजे वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर. आवाज तसाच होता, त्यामुळे आम्ही मनावर घेतलं नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे हे सगळं लॉसलेस येणार आहे. एमपीथ्री म्हणजे गाणं आवळून लहान केलेलं. आवळताना पहिला बळी जातो सिंबलचा, म्हणजे ड्रमवरच्या झांजेचा, तिच्या वरच्या बारीक सळसळीचा. गेली दोन-तीन वर्षं गाडीत काहीही लावलं तरी मातीत पुरल्यासारखं ऐकू येतं. ॲपवाले दर्जा उतरवत चालले आहेत, दुसरं काय! लॉसलेसमध्ये काहीच कापत नाहीत. जसं वाजवलं तसंच्या तसं.

रविवार, १९ जानेवारी

हेडफोन आले. सोबत डॅक, म्हणजे फोन आणि हेडफोनच्या मधे लावायची काड्यापेटीएवढी डबी. पूर्ण दर्जाचा आवाज आला की तिच्यावर निळा दिवा लागतो.

डिलिव्हरीवाला चिडलेला होता. म्हणे सहा वेळा बेल वाजवली. आमची बेल चिमणीच्या आवाजाची आहे आणि ती केव्हाच मेली आहे, असं मी त्याला सांगितलं. माधवी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि त्याला पाणी विचारलं.

निळा दिवा लागला. दोन-तीन परदेशी अल्बम ऐकले. गिटार डोंगरासारखी उभी राहते. सिंबल कमीच वाटले, पण हल्ली सगळे असंच जाडंभरडं मिक्स करतात.

रविवार, २६ जानेवारी

अक्षर वाईट आलं तर येऊ दे.

झेंडावंदन करून आलो तर नीलनं बारा फायली पाठवलेल्या. सात मार्चला प्रकाशन आहे, त्याआधी चौघांनी ऐकून होकार द्यायचा. दार लावून घेतलं, हेडफोन चढवले, निळा दिवा लागला. पहिलंच गाणं 'गंज'. नीलची गिटार, मननचा बेस, फत्तेची आरोळी. अंगावर काटा आला. आणि मग माझी जागा आली, जिथं सगळे थांबतात आणि परात एकटी वाजते.

परात नाही.

काठी लागल्याचा ठक आहे. पुढची सळसळ नाही, झणत्कार नाही. हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटायची झांजांची जोडी, तर मुळातच नाही. बाराही गाणी तीनदा ऐकली. माझे ढोल ठेवलेत आणि वरचं सगळं पुसून टाकलंय.

त्या परातीबद्दल लिहिलं पाहिजे. आमच्याकडं मोठं सिंबल घ्यायची ऐपत नव्हती. आईसाहेबांच्या रुखवतात काशाची मोठी परात आली होती. पूजेला काढायची आणि पुसून ठेवायची. मी बँड काढल्यावर त्यांनी ती स्वतः देवासच्या कसेऱ्याकडं नेली आणि त्याला म्हणाल्या, हिला मधोमध भोक पाड आणि कडा पातळ ठोक. आख्ख्या खानदानानं नावं ठेवली. त्या म्हणाल्या, "कपाटात मुकी पडण्यापेक्षा बोलू दे." तसा आवाज हिंदुस्थानात कुणाच्या रेकॉर्डवर नाही. आईसाहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची परात त्या बारा गाण्यांतच होती.

नीलनं ती काढली. केसानं गळा कापला म्हणतात तो हाच.

सोमवार, २७ जानेवारी

कारखान्याच्या बसमध्ये बसण्याआधी नीलला फोन केला.

"परात कुठं आहे?"

"आहे ना भिया. कान फाडून राहिली आहे तुझी परात. मी तर थोडी कमी करणार होतो."

"नील, खोटं नको बोलू. माझ्याकडं डॅक आहे."

मग म्हणाला, "एक काम कर. इराला ऐकव. नाहीतर वहिनींना. त्या काय म्हणतात ते सांग मला."

म्हणजे स्वतः ते ड्रम वाजवलेल्या माणसानं बायकोपोरीला विचारायचं की माझं वाजवणं ऐकू येतं का! चोराच्या उलट्या बोंबा. फोन ठेवला.

शनिवार, १ फेब्रुवारी

चार दिवस विचार केला. जुनी एमपीथ्रीची सीडी घरात आहे. २००५ साली त्याच सीडीवर मला परात स्वच्छ ऐकू यायची, हे मी देवाशपथ सांगतो. आवळलेल्या फायलीत होती आणि न आवळलेल्या फायलीत नाही. मग मधे कुणीतरी हात घातल्याशिवाय हे होईल कसं? यात कुठं चूक असेल तर दाखवावी.

आज ती सीडी पुन्हा लावून बघितली. खराब झाली आहे. तिच्यातही काही उरलेलं नाही.

नीलनं हे का केलं, तेही माझ्या लक्षात आलं आहे. २००७. डायरीत तरी खरं लिहावं. इंदूरला मोठी स्पर्धा होती, जिंकणाऱ्याला मुंबईत रेकॉर्डिंग. त्याच तारखेला पीथमपूरच्या कारखान्यात मला रुजू व्हायचं होतं. पत्र दोन दिवस आधी हातात होतं. सांगितलं असतं तर नीलनं पाय धरले असते, आणि मी विरघळलो असतो. म्हणून सांगितलं नाही. फोन बंद केला आणि गेलो. ते तिघं ड्रमरशिवाय स्टेजवर उभे राहिले म्हणे. बँड तिथंच संपला.

पण वडील अंथरुणाला खिळले होते, घर माझ्यावर होतं. आणि नीलनं नंतर एका शब्दानं काढलं नाही. माझ्या लग्नात तर वरातीपुढं नाचला. आता कळतं आहे, अठरा वर्षं पोटात ठेवून होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कारखान्यात वार्षिक तपासणी. मी सतरा वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या खात्यात आहे, आता सुपरवायझर. कानाच्या तपासणीला नालछ्याची एक नवी मुलगी होती. हेडफोन लावायचा आणि बीप ऐकू आली की बटण दाबायचं. बराच वेळ बीपच येईना, तर मी तिला म्हटलं, मशीन सुरू कर की बाई. ती म्हणाली, "सर, बज रही है." पुन्हा केलं. शेवटी कार्डावर 'इंदूरला दाखवा' लिहिलं. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. तीन वर्षं मशीन नादुरुस्त, कुणाला पर्वा नाही. मी सही करून कार्ड बाकीच्या कार्डांबरोबर खणात टाकलं.

प्रेस शॉपमध्ये कानात बोळे घालायचा नियम आहे. ज्यानं फत्तेच्या आरोळीशेजारी चार वर्षं काढली, त्याला बोळे कशाला?

रविवार, ९ फेब्रुवारी

देवासला जाऊन आलो. सोक्षमोक्ष लावायचाच होता.

नीलचा स्टुडिओ घरातच आहे, मागच्या खोलीत. भजनं, निवडणुकीची गाणी, शाळांची स्नेहसंमेलनं, मिळेल ते रेकॉर्ड करतो. त्याच्या आई, चारुलताकाकू, चहा घेऊन आल्या. मला लहानपणापासून ओळखतात. "काय रे विक्रम, किती दिवसांनी! धारकर झाला तू तर," म्हणाल्या.

नीलनं स्क्रीनवर गाण्याचं चित्र काढलं. खालून वर रंगांचे पट्टे. "हे बघ, हे खाली बेस. हे मधे फत्ते. आणि हे वर पेटलेलं आहे ना, पिवळं, ही तुझी परात. दिसून राहिली का?"

"दिसते. चित्र काढायला काय, कुणीही काढेल. वाजव."

त्यानं मोठ्या स्पीकरवर 'गंज' लावलं. परातीच्या जागेला काकूंनी एकदम पदर कानावर दाबला आणि कप तसेच टाकून आत गेल्या. भांडण ऐकायचं नसेल बिचारीला. आणि मला स्पीकरमधून फक्त ठक.

"ऐकलं?" नील म्हणाला.

"ठक ऐकलं. नील, तुला २००७ चा सूड घ्यायचा आहे तर तोंडावर घे. माझ्या आईच्या परातीवर कशाला काढतोस?"

तो पांढरा पडला. मी पुढं बरंच बोललो. तो आता भजनांवर पोट भरतो आणि मी नसतो तर त्याची गिटार कुणी ऐकली नसती, हेही बोललो. ते बोलायला नको होतं. पण बोललो.

नील बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत होता. मग अगदी हळू काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "काय?" तर मोठ्यानं म्हणाला, "काही नाही. नवीन मिक्स करून पाठवतो म्हणालो."

म्हणजे कबूलच केलं की!

रविवार, २३ फेब्रुवारी

आली! परात आली!

सकाळी नीलच्या नव्या फायली आल्या. लिहिलं होतं, "आता बघ." हेडफोननं ऐकल्या आणि टाळी वाजवली. थोडी भसाडी वाटते, पूर्वीसारखी चांदीसारखी नाही, पण आहे. हाय-हॅटसुद्धा आहे. मग दिवाणखान्यातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं, आवाज सोडून.

इराला बोलावून शेजारी बसवलं. म्हटलं, ही तुझ्या आज्जीची परात, ऐक. पोरीनं दोन्ही मुठी मांडीखाली दाबून धरल्या होत्या. डोळ्यांत पाणी. तिला इतकं भिडेल असं वाटलं नव्हतं. "बाबा, बहुत अच्छा है," म्हणाली. बाराही गाणी ऐकली पोरीनं, उठली नाही. हल्ली ती माझ्याशी फार मोठ्यानं बोलते, बापाशी बोलायची ही रीत नव्हे, त्यावरून रागावलोही होतो. आज सगळं माफ.

शेजारच्या फणश्यांचा कुत्रा मात्र पूर्ण वेळ विव्हळत होता. माधवी मधेच गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. बादली इथंच राहिली होती.

नीलला लिहिलं, "जे झालं ते झालं. मनात ठेवू नको." मन मोठं ठेवावं माणसानं. त्यानं नुसता अंगठा पाठवला. होकाराचा अर्ज सही करून कंपनीला धाडला.

शुक्रवार, ७ मार्च

प्रकाशन. रजा टाकली होती. ॲपवर 'धाकटी पाती' असं नाव, आमचा टेकरीवरचा फोटो, खाली लॉसलेसचा शिक्का. माझे केस काय होते तेव्हा!

निळा दिवा. 'गंज'.

ठक.

पुन्हा तेच. मला एक पाठवलं आणि जगाला दुसरं दिलं! मला लहान मुलासारखं खुळखुळा देऊन गप्प केलं, आणि बाहेर माझ्या आईची परात पुसून टाकली. पहिल्यांदा केलं तेव्हा राग आला होता. आज काय वाटतंय ते सांगता येत नाही. ज्याच्या ताटात जेवलो, त्यानं हे करावं?

बँडच्या पानावर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: या अल्बमवर माझं वादन कापलेलं आहे, हे नीलकंठ मुजुमदार यांनी जाणूनबुजून केलं आहे, कुणी घेऊ नये. कंपनीला मेल केला: माझ्या संमतीशिवाय वादन बदललं, खाली उतरवा, नाहीतर वकील. फत्ते आणि मननचे फोन आले, घेतले नाहीत.

पानावर लोक लिहीत आहेत की ड्रम जबरदस्त आहेत, सिंबल तर अंगावर येतात. नीलनंच माणसं बसवली असणार.

शनिवार, ८ मार्च

माधवीनं सकाळी चहा ठेवला आणि समोर बसली. ती समोर बसली की काहीतरी असतं.

"अहो, ती पोस्ट काढा. निलूभाऊजींनी काही कापलेलं नाही."

"तुला काय कळतं यातलं?"

"मला परात ऐकू येते. इराला येते. तुम्हाला येत नाही. दोन वर्षं झाली, बारीक आवाज तुम्हाला ऐकू येणं बंद झालं आहे. बेल चांगली आहे, रोज वाजते. इरा उद्धट नाही, हळू बोललं तर तुम्हाला समजतच नाही. खणातली कार्डं मी बघितली आहेत."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही. म्हणाली, "किती वेळा काढला विषय. तुम्ही म्हणता मशीन खराब, बेल खराब, ॲप खराब. एकदा ताट सरकवून उठून गेलात."

मग उरलेलंही सांगितलं. मी देवासहून निघालो त्याच संध्याकाळी नीलनं तिला फोन केला होता. म्हणाला, वहिनी, विक्याला ऐकू येत नाही, आता मी काय करू. आणि हीच त्याला म्हणाली की यांच्यापुरतं एक वेगळं करून द्या, परात यांना ऐकू येईल इतकी चढवून, मन राहील यांचं. तो नाही म्हणत होता, गाण्याची माती होईल म्हणाला. हिनं गळ घातली. ॲपवर खरं गाणं जाईल आणि मला ते माझ्या फायलीसारखंच वाटेल, असं दोघांनी धरलं होतं.

"इराला माहीत होतं?"

"तिला बसायला मीच सांगितलं होतं."

म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत. देवासला माहीत. चारुलताकाकूंना माहीत. माझी बायको माझ्या मित्राशी बोलून माझी समजूत काढण्याचा बेत आखते, माझी पोर नाटक करते आणि मी डायरीत लिहितो की पोरीला भिडलं! नील परवडला असता. शत्रू म्हणून तोंड तरी फिरवता आलं असतं. घरच्यांचं काय करायचं? दोन वर्षं हे लोक माझ्यासमोर मला सांभाळून घेत होते आणि मी त्यांच्यासमोर लॉसलेसवर व्याख्यानं देत होतो.

पोस्ट काढली नाही. मेलही मागं घेतला नाही. घेता आला असता. शिजू दे त्यांनाही थोडं.

मंगळवार, ११ मार्च

तीन दिवस कुणाशी बोललो नाही. इरा दाराशी येऊन उभी राहिली, काही बोलली. मी वर बघितलं नाही.

बुधवार, १२ मार्च

अल्बम उतरवला. ॲपवर बारा नावं आहेत, राखाडी, दाबली तर 'उपलब्ध नाही'. कंपनीचा मेल आला की सभासदांत वाद असलेला माल ते ठेवत नाहीत; चौघांनी नव्यानं सही केली तरच परत चढवतील.

पाच दिवस होता तो ॲपवर. दुपारी कॅन्टीनमध्ये बसून पोस्ट काढली. आता काढून काय उपयोग, हे मलाही कळतं.

गुरुवार, २० मार्च

काल रंगपंचमी झाली, बाहेर पडलो नाही. आज माधवीबरोबर इंदूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं. बीप, बटण. नंतर कागदावरची रेघ दाखवली. डावीकडं ठीक चालते आणि मधेच कड्यावरून खाली पडते. "ड्रम वाजवायचात? आणि प्रेस शॉप? आणि कानात बोळे नाही?" असं तीनदा विचारलं, जणू विश्वास बसत नव्हता. गेलेलं परत येत नाही. कानात मशीन लावलं तर बरंच भरून निघेल म्हणाल्या.

येताना गाडीत माधवीला म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस, मी ताट सरकवलं तरी. ती म्हणाली, "हो. चुकलंच माझं." तिनं कबूल केल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

रविवार, १३ एप्रिल

काल कानात मशीनं बसवली. घरभर आवाजच आवाज. वर्तमानपत्र इतकं वाजतं? फोडणी, चपला, माझ्याच शर्टाची बाही. माधवी पुटपुटत स्वयंपाक करते, देवाचं काहीतरी म्हणते. कधीपासून म्हणतेस, विचारलं. लग्नापासून, म्हणाली.

दहा वाजता नीलला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

सरळ माफी मागितली. पानावरचं, भजनांवरचं, आईच्या नावानं बोललो ते, सगळ्याची. म्हटलं, फत्ते आणि मनन सही करायला तयार आहेत, मीही करतो, तुझी तेवढी पाहिजे.

"नाही करणार, विक्या."

"नील..."

"ऐक ना. तू स्टुडिओत बोलून गेला, त्याचा राग नाही. पोस्ट टाकली, त्याचा पण नाही, तुला खरंच वाटत होतं. पण आठ तारखेला वहिनींनी तुला सगळं सांगितलं. बारा तारखेला अल्बम उतरला. चार दिवस होते भिया तुझ्याकडे. चार दिवस तुला माहीत होतं."

मी डायरी उघडून तारखा बघितल्या. बरोबर होत्या.

"दोन हजार सातला पण दोन दिवस होते, पत्र हातात होतं, कळलं होतं मला नंतर," तो म्हणाला. "तेव्हा मी म्हटलं, घरची अडचण असेल. आता काय म्हणू?"

आवाज अगदी शांत होता. प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं.

"आई म्हणते, विक्रमला चहाला बोलाव. तर चहाला ये. कधीपण ये. गाण्याचं नको काढू."

फोन ठेवला. अल्बम आता कुठंच नाही. नीलनं सुरुवातीला पाठवलेल्या बारा फायली मी भांडणाच्या तिरमिरीत तेव्हाच पुसल्या होत्या. फोनमध्ये उरल्यात त्या फक्त माझ्यासाठी केलेल्या. म्हटलं, त्या तरी नीट कानांनी ऐकू. त्या दिवशी ठेवला असेल साधारण तेवढा आवाज ठेवून मोठ्या स्पीकरवर 'गंज' लावलं.

चार मात्रांत हात बटणाकडं गेला. पत्र्यावर पत्रा घासावा तसं कानात घुसलं. फत्तेची आरोळी त्याखाली गडप, नीलची गिटार गडप. नुसता ओरखडा. नील गाण्यातल्या एवढ्याशा चुकीसाठी रात्रंदिवस एक करणारा माणूस. त्यानं आपल्याच गाण्याचं हे असं करून ठेवलं, माझ्याकरता, मी त्याला तसं बोलून आल्यानंतर. हे करताना त्याला ते ऐकावं लागलं असेल. बारा वेळा.

इरा तिच्या खोलीतून धावत आली आणि उंबऱ्यावर थांबली. हात कानांकडं नेले नाहीत. मी विचारलं, "त्या दिवशी असंच वाजत होतं?"

तिनं होकारार्थी मान हलवली. मग हळू म्हणाली, इतकं हळू की पूर्वी मला ओठ हलल्याचंच दिसलं असतं, "थोडा और तेज था, बाबा."

तिला म्हटलं, तू जा, दार लावून घे. पण ती गेली नाही, येऊन शेजारी बसली. तिला हातानं उठवून माधवीकडं गच्चीवर पाठवलं. मशीनं कानातून काढली नाहीत. आवाज कमी केला नाही. पुन्हा पहिल्यापासून लावलं.

इरानं बारा ऐकली होती. मी तीन ऐकली.